रॉक संगीत आणि स्त्रीमुक्तीची चळवळ

रॉक संगीत हा शब्द उच्चारला की आपल्याकडील बहुतेक सुशिक्षितांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते. लांब केसांचे चार तरुण, गळ्यात अडकविलेल्या गिटारी, डोळे दिपविणारे दिवे आणि कान किटवून टाकणारा आवाज. या चित्रात स्त्री असलीच तर ती खाली, श्रोत्यांत, किंचाळणारी अशी असते. हे चित्र अगदीच खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ते कसे तयार झाले, आणि ते बदलण्यासाठी अमेरिकेतील व इंग्लंडमधील काही स्त्रियांनी गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत काय खटाटोप केला, हा इतिहास आपल्या कानावर फारसा येत नाही. तो सांगावयाचा तर गाण्यांच्या शब्दांपाशी थांबून चालत नाही. वाद्य कोणाच्या हातात आहे, ध्वनिवर्धकाची कळ कोण फिरवितो, सभागृहात पुढे कोण उभे राहते आणि त्या सभागृहाविषयी दुसऱ्या दिवशी छापतो कोण, हे पाहावे लागते. आमच्या मते या चळवळीने जे काही बदलले ते मुख्यतः येथेच.

प्रथम वाद्याची गोष्ट घेऊ. इलेक्ट्रिक गिटार अमेरिकेत १९३०नंतरच्या दशकात प्रचारात आली. साध्या गिटारीचा आवाज बोटांच्या जोरावर आणि लाकडी पेटीच्या पोकळीवर अवलंबून असतो. इलेक्ट्रिक गिटारीत पोलादी तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे बसविलेले असते. तार कंप पावली की वेटोळ्यात विजेचा क्षीण प्रवाह उत्पन्न होतो, आणि ध्वनिवर्धक तो वाढवून कर्ण्यावाटे बाहेर टाकतो. म्हणजे आवाजाचा मोठेपणा मनगटावर राहिला नाही, तो विजेवर गेला. असे असूनही हेच वाद्य पुढे मर्दपणाचे चिन्ह होऊन बसले, हा योगायोग नव्हे. शरीराचे कारण उरले नाही तेथे समाजाने दुसरे कारण शोधले.

आणि गंमत अशी की, या वाद्याचा रॉकला साजेसा उपयोग आरंभी ज्यांनी करून दाखविला त्यांत एक कृष्णवर्णीय स्त्री अग्रभागी होती. सिस्टर रोझेटा थार्प हिचा जन्म १९१५चा, आर्कान्सा राज्यातील कॉटन प्लांट या खेडेवजा गावचा. आई चर्चमध्ये प्रवचने करी, मुलगी लहानपणापासून तिच्याबरोबर गिटार घेऊन गाई. १९३८ साली तिच्या तबकड्या निघू लागल्या. १९४५मध्ये तिचे एक भक्तिगीत कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या लोकप्रिय तबकड्यांच्या यादीत जाऊन बसले, आणि अनेक जाणकार रॉक अँड रोलची पाळेमुळे शोधताना त्या तबकडीपाशी येऊन थांबतात. बाईचा थाटही काही निराळाच. १९५१ साली तिने वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियमवर तिकीट लावून हजारो लोकांसमोर स्वतःचे लग्न लाविले आणि लग्नाच्याच पोशाखात गिटार घेऊन मैफल केली. आपल्याकडे लग्नात गाणे असते, येथे गाण्याच्या जलशात लग्न होते.

पुढे काय झाले ते एकाच गाण्याच्या प्रवासावरून कळते. १९५२ साली बिग मामा थॉर्नटन या धिप्पाड आवाजाच्या गायिकेने ‘हाउंड डॉग’ हे गाणे मुद्रित केले. पुढील वर्षी ते बाहेर आले आणि खूप गाजले. या गाण्यात एक स्त्री आपल्या जिवावर खाणाऱ्या पुरुषाला घराबाहेरची वाट दाखविते. १९५६ साली एल्व्हिस प्रेस्लीने तेच गाणे बदललेल्या शब्दांत गायिले. पुरुषाला हाकलणारी स्त्री त्यातून नाहीशी झाली आणि केवळ कुत्र्याविषयीची थट्टा उरली. जगाला हे गाणे प्रेस्लीचे म्हणून ठाऊक आहे. थॉर्नटन सांगत असे की, आपल्याला त्यापायी पाचशे डॉलरचा एकच धनादेश मिळाला. शब्द बदलतात, मालक बदलतो, आणि दहा वर्षांत लोकांना वाटू लागते की हे पहिल्यापासूनच असे होते.

गाणारी स्त्री लोकांना चालते, वाजविणारी खटकते. हा भेद फक्त पाश्चात्त्यांचाच आहे असे मात्र कोणी समजू नये. आपल्या शास्त्रीय संगीतात थोर गायिकांची परंपरा केवढी मोठी, पण तबल्यावर बसलेली स्त्री लोकांना किती दिवस चमत्कारिक वाटत होती! मुंबईच्या आबान मिस्त्री (१९४०–२०१२) यांनी स्वतंत्र तबलावादनाच्या मैफली केल्या, तबल्याच्या घराण्यांवर संशोधन केले, तरी त्यांचे नाव किती घरांत माहीत आहे? असो. सांगावयाचे ते एवढेच की, गळा देवाचा मानला जातो आणि हात समाजाच्या ताब्यात असतो.

१९६०नंतरच्या दशकात रॉक हे तरुण पिढीचे संगीत झाले. युद्धविरोध, वर्णभेदविरोध, वडीलधाऱ्यांविरुद्ध बंड हे सर्व त्यात आले. पण या बंडखोरांच्या घरातली व्यवस्था जुनीच राहिली. रोलिंग स्टोन्स या विख्यात ब्रिटिश बँडचे १९६६मधील ‘अंडर माय थंब’ हे गाणे आपल्या मैत्रिणीला अंगठ्याखाली कसे आणले याची फुशारकी आहे, आणि त्यावर मोर्च्यातल्या मुलीही नाचत होत्या. कान ज्या तालावर डोलतो त्या तालाबरोबर अर्थही आत जातो, हे ज्यांना बोचले त्यांपैकी एक नेओमी वाइसस्टीन या होत्या.

वाइसस्टीनबाई (१९३९–२०१५) व्यवसायाने गायिका नव्हत्या, त्या मानसशास्त्रज्ञ होत्या. हार्वर्ड विद्यापीठात डॉक्टरेटसाठी संशोधन करताना त्यांना प्रयोगशाळेतील एक उपकरण हवे होते. ते त्यांना नाकारण्यात आले, कारण बाईच्या हातून ते मोडेल! त्यांनी पुढे लिहून ठेविले आहे की, पुरुष विद्यार्थी तर ते वरचेवर मोडतच असत. शेवटी त्यांनी येल विद्यापीठात जाऊन आपले प्रयोग पुरे केले आणि १९६४ साली डॉक्टरेट मिळविली. १९६८ साली त्यांनी एक निबंध लिहिला. स्त्रीचा स्वभाव म्हणून मानसशास्त्र जे सांगते ते शास्त्र नसून पुरुषांच्या कल्पना आहेत, कारण माणूस ज्या परिस्थितीत वावरतो ती हे शास्त्र विचारातच घेत नाही, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. हा निबंध आजही वाचला जातो. उपकरण न मिळालेल्या या बाईने १९७० साली शिकागोत स्वतः पियानो-कीबोर्डवर बसून बायकांचा रॉक बँड उभा केला, यात आम्हाला मोठी संगती दिसते. प्रयोगशाळा काय आणि रंगमंच काय, यंत्राला हात लावू न देण्याची सबब दोन्हीकडे सारखीच होती.

या बँडचे नाव होते शिकागो विमेन्स लिबरेशन रॉक बँड. नाव लांबलचक आहे, पण ते तसे असण्याला कारण आहे. हा बँड हौशी मैत्रिणींचे टोळके नव्हते. शिकागो विमेन्स लिबरेशन युनियन या १९६९ साली स्थापन झालेल्या संघटनेचे ते एक अंग होते. त्या संघटनेची इतर अंगे पाहिली म्हणजे बँडची जागा ध्यानात येते. स्त्रियांसाठी एक शाळा होती, तीत मोटारदुरुस्तीपासून कायद्यापर्यंत विषय शिकवीत. भित्तिपत्रके छापणारे एक मंडळ होते. आणि ‘जेन’ या टोपणनावाने चालणारे एक गुप्त मंडळ होते. गर्भपात हा गुन्हा असलेल्या त्या काळात त्याने १९६९ ते १९७३ या काळात सुमारे ११,००० स्त्रियांना सुरक्षित गर्भपाताची सोय करून दिली, असा अंदाज आहे. १९७२च्या मे महिन्यात त्यांतील सात जणींना पोलिसांनी पकडले. जानेवारी १९७३मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य केला आणि त्यांच्यावरील खटला निघून गेला. अशा तापलेल्या वातावरणात हा बँड वाजत होता. श्रोत्यांत बसलेल्या एखाद्या मुलीला त्या रात्री गाणे हवे असेल, तर दुसऱ्या दिवशी पत्ता हवा असेल. दोन्ही देणारी माणसे एकाच घरातली होती.

बँडमधील बहुतेक जणी शिकाऊ होत्या. मंचावर त्या पुरुष गायकांच्या ऐटदार चालीची नक्कल करीत, विनोद करीत, श्रोत्यांशी बोलत. १९७२ साली न्यू हेवन शहरातील अशाच दुसऱ्या बँडबरोबर मिळून त्यांची एक तबकडी निघाली. तिचे नाव ‘माउंटन मूव्हिंग डे’. पर्वत हलण्याचा दिवस ही कल्पना जपानची आहे. कवयित्री योसानो अकिको यांनी १९११च्या सप्टेंबरात ‘सेइतो’ या स्त्रियांनी चालविलेल्या मासिकाच्या पहिल्या अंकासाठी लिहिलेल्या कवितेतून ती घेतली. आशियातील एका स्त्रीची साठ वर्षांपूर्वीची कल्पना शिकागोच्या ध्वनिवर्धकातून बाहेर पडते, ही गोष्ट पूर्वेने पश्चिमेचे केवळ अनुकरण केले असे मानणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

१९७३ साली हा बँड मोडला. त्याचे कारण बाहेरचा शत्रू नव्हे. चळवळीत कोणी पुढारी नसावे, कोणी ‘तारका’ होऊ नये, हे तत्त्व होते. तत्त्व उदात्त खरे, पण संगीतात एकीचा ताल चुकतो आणि दुसरीचा चुकत नाही, हे लपत नाही. ज्यांना जास्त येत होते त्यांना ते दाखविण्याचा संकोच, ज्यांना कमी येत होते त्यांना त्याचा राग. वाइसस्टीन स्वतः फर्ड्या वक्त्या होत्या, आणि चळवळीतील समतेसाठी त्यांना आपले व्यासपीठ आवरते घ्यावे लागले होते. त्या दुसऱ्या गावी नोकरीला गेल्या आणि बँड विस्कटला. कौशल्य आणि समता यांची सांगड कशी घालावी, हा प्रश्न त्यांना सुटला नाही. आपल्याकडील कोणत्याही हौशी नाट्यसंस्थेला किंवा सहकारी मंडळाला तो सुटला आहे काय, हे श्रोत्यांनीच ठरवावे.

याच काळात धंदेवाईक रॉकमध्येही बायका शिरत होत्या. फॅनी या चौघींच्या बँडची पहिली तबकडी १९७० साली एका मोठ्या कंपनीने काढली. तीतील जून आणि जीन मिलिंग्टन या दोघी बहिणी मनिलात जन्मलेल्या, फिलिपिनो आईच्या मुली. त्या उत्तम वाजवीत. तरीही ‘बायकांच्या मानाने’ छान वाजवितात, ही प्रशस्ती त्यांची पाठ सोडीना. स्तुतीचा हा प्रकार निंदेपेक्षा जास्त झोंबणारा आहे.

काही स्त्रियांनी ठरविले की, दुसऱ्यांच्या दारात उभे राहण्यापेक्षा स्वतःचे दुकान घालावे. १९७३ साली ऑलिव्हिया रेकॉर्ड्स ही कंपनी निघाली. गाणे, मुद्रण, विक्री, हिशेब सर्व काम स्त्रियांचे. तिचे संगीत रॉकपेक्षा सौम्य होते, म्हणून तिच्या गाण्यांत आम्ही शिरत नाही. पण तेथे एक प्रकरण घडले ते सांगितलेच पाहिजे. सँडी स्टोन या कुशल ध्वनिमुद्रणतज्ज्ञ तेथे काम करीत. त्या जन्माने पुरुष म्हणून नोंदल्या गेलेल्या, पण स्त्री म्हणून जगणाऱ्या होत्या. ही गोष्ट उघड होताच बहिष्काराच्या धमक्या आल्या. कंपनीतील सहकारिणी त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या, तरी अखेर त्यांना बाहेर पडावे लागले. स्त्रियांसाठी मिशिगन राज्यात १९७६पासून दरवर्षी भरणारा मोठा संगीतमेळावाही याच वादाने पोखरला गेला आणि २०१५ साली शेवटचा भरला. ज्यांना दारातून हाकलले होते त्यांनी स्वतःचे घर बांधले, आणि मग दारावर कोणाला अडवावे याचा विचार त्याही करू लागल्या. चळवळीचा इतिहास लिहिताना हे पान फाडून टाकणे आम्हाला मान्य नाही.

इंग्लंडात १९७६च्या सुमारास पंक नावाचे वादळ उठले. त्याचे सूत्र सोपे होते. वाजविता येत नसेल तरी वाजवा, शिकणे लोकांसमोरच होऊ द्या. शिकागोच्या बायकांना जी गोष्ट लाजिरवाणी वाटत होती ती येथे अभिमानाची झाली. साहजिकच ज्यांना कोणी कधी शिकविलेच नव्हते त्यांना हे दार मोठे झाले. द स्लिट्स या मुलींच्या बँडची गायिका आरी अप आरंभी अवघी चौदा वर्षांची होती. त्यांची ‘कट’ ही तबकडी १९७९ची. एक्स-रे स्पेक्स या बँडची गायिका पॉली स्टायरीन ही सोमाली पित्याची मुलगी. दातांना तारा लावलेल्या, मापात न बसणाऱ्या वेशात ती उभी राही आणि बाजारात मांडलेल्या वस्तूसारखे स्त्रीचे रूप कसे घडविले जाते यावर गाई. एप्रिल १९७८मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये वर्णद्वेषाविरुद्ध प्रचंड मेळावा भरला, त्यात तिचा बँड वाजला. देखणे दिसण्याचा करार न करता स्त्री मंचावर उभी राहू शकते, ही गोष्ट त्या पिढीने प्रथम डोळ्यांनी पाहिली.

आता आपण अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील ऑलिंपिया या लहानशा गावी येऊ. वॉशिंग्टन राज्याची ही राजधानी आहे, पण गाव म्हणून आपल्या एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणाहूनही ते छोटे. तेथे एव्हरग्रीन स्टेट कॉलेज हे थोडे निराळ्या वळणाचे कॉलेज आहे. १९९० साली तेथील कॅथलीन हॅना, टोबी व्हेल आणि कॅथी विल्कॉक्स यांनी बिकिनी किल हा बँड काढला. गिटारीवर बिली कॅरन हा पुरुष होता. १९९१च्या ऑगस्टात गावात एक मोठा संगीतमेळावा भरला, त्याची पहिली रात्र मुलींच्या बँडसाठी राखून ठेविली होती. त्याच उन्हाळ्यात देशाच्या दुसऱ्या टोकाला, राजधानी वॉशिंग्टनमध्ये, या मुलींनी व त्यांच्या मैत्रिणींनी एक छोटे पत्रक काढले आणि मुलींच्या साप्ताहिक बैठका सुरू केल्या. मे महिन्यात त्या शहरात एक दंगल होऊन गेली होती, आणि मुलींचीही एक दंगल व्हावी असे कोणीतरी म्हटले होते. त्यावरून नाव पडले रायट गर्ल. इंग्रजीत त्या ‘गर्ल’मधला ‘र’ तीनदा लिहीत, म्हणजे शब्द उच्चारताना गुरगुरल्यासारखा वाटावा.

या मुलींनी सभागृहाकडे डोळे उघडून पाहिले. पंक मैफलीत मंचासमोरची जागा धक्काबुक्कीचा नाच करणाऱ्या मुलांची. मुली भिंतीला टेकून, मित्रांचे कोट सांभाळीत उभ्या. पुढे गेले तर कोपरे बसतात आणि गर्दीचा फायदा घेणारे हातही असतात. आपल्याकडील जत्रेतील किंवा लोकलमधील अनुभव ज्यांना आहे त्यांना यावर भाष्य नको. हॅना मंचावरून सांगू लागली की मुलींनी पुढे यावे आणि मुलांनी मागे जावे. बोलण्याचे तात्पर्य एवढेच, पण त्याने खळबळ उडाली. तिला शिव्या खाव्या लागल्या, लोक अंगावर धावून आले. याच बँडच्या गाण्यांतील कडक शब्द ऐकूनही जे शांत राहिले होते, ते चार पावले मागे सरकण्याच्या सूचनेने खवळले. सत्ता कोठे असते ते अशा वेळी कळते. पुढे आलेल्या मुलींना गाणे तर जवळून ऐकू आलेच, शिवाय त्यांना एकमेकी दिसल्या.

दुसरे साधन झेरॉक्स यंत्र. हाताने लिहिलेली, कात्रणे डकविलेली, चार घड्या घातलेली छोटी पत्रे या मुली काढीत. त्यांना ‘झीन’ म्हणत. आपल्या शाळाकॉलेजांतून निघणारी हस्तलिखिते डोळ्यांसमोर आणावीत, म्हणजे कल्पना येईल. फरक इतकाच की हस्तलिखिताची एक प्रत काचेच्या कपाटात राहते आणि झेरॉक्सच्या दोनशे प्रती टपालाने देशभर जातात. घरात झालेला अत्याचार, शाळेतील छळ, शरीराची लाज, या गोष्टी प्रथमच कोणा परक्या मुलीला कळविल्या जात आणि उलट टपाली तिचीही हकीकत येई. १९९१च्या ऑक्टोबरात अनिता हिल या कायद्याच्या प्राध्यापिकेची साक्ष साऱ्या अमेरिकेने दूरचित्रवाणीवर पाहिली. सर्वोच्च न्यायालयासाठी नाव सुचविलेल्या न्यायाधीशाने आपल्याला कामाच्या ठिकाणी त्रास दिला असे त्या सांगत होत्या, आणि समोर प्रश्न विचारणारे सिनेटर सगळे पुरुष. अशा त्या ऋतूत या पत्रांना वाचक का मिळाले हे निराळे सांगावयास नको.

१९९२ साली मोठ्या वृत्तपत्रांची दृष्टी त्यांच्याकडे वळली. मुलींचे कपडे कसे, अंगावर काय लिहितात, याची रसभरीत वर्णने आली, म्हणण्याकडे थोडक्यांनी लक्ष दिले. तेव्हा या मुलींनी वृत्तपत्रांशी बोलणेच बंद केले. हा निर्णय शहाणपणाचा होता की नाही यावर त्यांच्यातही दुमत आहे. आमचे मत विचाराल तर तो समजण्याजोगा होता, पण महागात पडला. कारण बोलणारा गप्प बसला की त्याच्याबद्दल बोलणारे थांबत नाहीत. बिकिनी किलच्या १९९१मधील झीनवर ‘गर्ल पॉवर’ हे शब्द होते. पाच वर्षांनी तेच शब्द इंग्लंडच्या स्पाइस गर्ल्स या गायिकांच्या चमूची जाहिरात होऊन जगभर फिरले, आपल्याकडील शहरांतही आले. ‘हाउंड डॉग’चीच ही दुसरी फेरी. तथापि एक फरक मानला पाहिजे. या वेळी मूळ कागद जपून ठेविले गेले. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या फेल्स ग्रंथालयात या पत्रांचा स्वतंत्र संग्रह आहे, आणि कोणत्याही संशोधकाला तारीखवार दाखविता येते की शब्द कोणाचे होते.

या मुलींच्या रागाला नाटकीपणा समजणारे पुष्कळ होते. १९९३च्या जुलैत सिअॅटल शहरात मिया झपाटा ही द गिट्स या बँडची सत्तावीस वर्षांची गायिका रात्री घरी परत जात असता रस्त्यावर मारली गेली. मारेकरी सापडेना. तिच्या मित्रमैत्रिणींनी शोक करीत बसण्याऐवजी होम अलाइव्ह नावाची संस्था काढली, मैफली करून पैसा उभा केला आणि स्त्रियांना स्वसंरक्षणाचे शिक्षण देण्यास आरंभ केला. गायिका जोन जेट हिने गिट्सच्या उरलेल्या वादकांबरोबर तबकडी काढून तपासासाठी पैसे मिळवून दिले. दहा वर्षांनी, २००३ साली, जपून ठेविलेल्या नमुन्याच्या डीएनए तपासणीवरून गुन्हेगार सापडला आणि पुढील वर्षी दोषी ठरला.

चळवळीवर एक आक्षेप मात्र खरा आहे. ती बहुतांशी गोऱ्या, मध्यमवर्गीय, कॉलेजात गेलेल्या मुलींची होती. आपला राग हाच सर्व स्त्रियांचा राग, असे त्यांनी धरून चालावे याचा इतरांना उबग आला. मिमी थी न्युएन या व्हिएतनामी वंशाच्या लेखिकेने १९९७ साली पंकमधील गोऱ्येतर मुलामुलींचे लेखन एकत्र करून एक झीन काढले आणि हा हिशेब रोखठोक मांडला. न्यूयॉर्कमध्ये तामार-काली आणि तिच्या कृष्णवर्णीय मैत्रिणींनी ‘सिस्टा गर्ल रायट्स’ या नावाने स्वतःच्या मैफली केल्या. थार्प आणि थॉर्नटन यांच्या संगीतावर उभ्या राहिलेल्या या कलेत त्यांच्याच नातींना पुन्हा वेगळे दार काढावे लागले. १९९७ सालीच बिकिनी किल मोडला, आणि २०१९ साली तो पुन्हा मंचावर आला तेव्हा श्रोत्यांत जुन्यांच्या मुलीही होत्या.

मग या सर्वांतून निष्पन्न काय झाले? कायदे गाण्यांनी होत नाहीत. १९७३ साली मिळालेला गर्भपाताचा हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२मध्ये काढून घेतला, आणि शिकागोत ‘जेन’ची आठवण पुन्हा निघाली. हे पाहिले की संगीताने समाज पालटतो असे छातीठोकपणे बोलवत नाही. पण दुसरीकडे पाहावे. २००१ साली ओरेगन राज्यातील पोर्टलंड येथे मुलींसाठी रॉकचे उन्हाळी शिबिर सुरू झाले आणि त्याच्या धर्तीवर इतर अनेक गावी शिबिरे निघाली. आठ-दहा वर्षांची मुलगी सोमवारी येते, पूर्वी कधी हातात न धरलेले वाद्य निवडते, इतर मुलींबरोबर बँड बनविते, एक गाणे रचते आणि आठवड्याच्या अखेरीस लोकांसमोर वाजविते. ध्वनिवर्धकाच्या तारा जोडण्यास तीच शिकते. स्वसंरक्षणाचे धडेही तेथे देतात. न्यायालयाने एका ओळीत रद्द करावे असे यात काही नाही.

ही रीत अमेरिकेबाहेर गेली तेव्हा तिची किंमत वाढली. २१ फेब्रुवारी २०१२ रोजी मॉस्कोच्या ख्रिस्त तारणहाराच्या कॅथेड्रलमध्ये पुसी रायट या गटाच्या तरुणींनी रंगीत टोप्यांनी तोंडे झाकून एक मिनिटभर राज्यकर्त्याविरुद्ध गाणे केले. त्या बिकिनी किलचे ऋण मानीत. ऑगस्टात तिघींना दोन दोन वर्षांची शिक्षा झाली. एकीची शिक्षा अपिलात स्थगित झाली, नादेझ्दा तोलोकोन्निकोवा व मारिया अल्योखिना या दोघी डिसेंबर २०१३पर्यंत तुरुंगात राहिल्या.

आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात, २०१२ साली, आपल्याच देशात श्रीनगरला शाळेत जाणाऱ्या तीन मुली एका बँडस्पर्धेत मंचावर उभ्या राहिल्या. एक गाणारी व गिटार वाजविणारी, एक बेस गिटारवर, एक ड्रमवर. बँडचे नाव प्रगाश, म्हणजे प्रकाश. गाणी काही राजकीय नव्हती. वाद्ये हातात घेऊन त्या उभ्या राहिल्या, तेवढेच पुरले. आंतरजालावरून घाणेरड्या धमक्या सुरू झाल्या. फेब्रुवारीच्या आरंभी तेथील प्रमुख मुफ्तींनी मुलींचे गाणे-बजावणे धर्मबाह्य ठरविले. मुख्यमंत्री ओमर अब्दुल्ला यांनी मुलींची बाजू घेतली, पोलिसांनी धमक्यांबद्दल गुन्हाही नोंदविला. पण मुख्यमंत्री आणि पोलीस ही माणसे सभागृहाच्या दारापर्यंत पोचवू शकतात, मुलीच्या शेजारी रोज संध्याकाळी येऊन बसत नाहीत. शिकागोच्या बायकांमागे एक युनियन होती, ऑलिंपियाच्या मुलींमागे कॉलेज, बैठकीचे घर आणि टपालाने येणारी पत्रे होती, मॉस्कोच्या तरुणी वयाने मोठ्या आणि चळवळीत मुरलेल्या होत्या. या तिघींमागे घरची माणसे आणि एक संगीतशिक्षक. पहिल्या जाहीर कार्यक्रमापासून बँड बंद केल्याचे जाहीर होईपर्यंत जेमतेम दोन महिने गेले.